संचयविकृती आणि समाजाधारित साहाय्य

संचयविकृती : वस्तू टाकून देणे अथवा दुसऱ्यास देणे दीर्घकाळ अतिशय कठीण जाणे, तसे करण्याच्या केवळ विचाराने तीव्र मनस्ताप होणे आणि परिणामी राहत्या जागेत वस्तूंची इतकी दाटी होणे, की स्वयंपाकघरात स्वयंपाक, बिछान्यावर झोप व न्हाणीघरात स्नान करणेही अवघड व्हावे, अशी प्रमुख लक्षणे असलेला मनोविकार. इंग्रजीत त्यास ‘होर्डिंग डिसऑर्डर’ अशी संज्ञा आहे. साठविलेल्या वस्तूंचे बाजारातील मूल्य येथे गौण असते. जुनी वर्तमानपत्रे, कपडे, पिशव्या, डबे, कागदपत्रे व बिघडलेली उपकरणे यांचे ढीग सामान्यतः आढळतात. पण त्यांतच वेष्टनही न उघडलेल्या नव्या वस्तू आणि क्वचित रोख रक्कम वा महत्त्वाचे दस्तऐवजही मिसळलेले असतात. बहुसंख्य रुग्णांत नव्या वस्तू विकत घेण्याची किंवा फुकट मिळेल ते उचलण्याची अनावर ओढ असते. या विकाराचे एक वैशिष्ट्य असे, की त्याची तक्रार रुग्ण स्वतः फारच क्वचित करतो. ती शेजारी, घरमालक, मुले, अग्निशामक दल किंवा नगरपालिका यांच्याकडून येते. म्हणूनच दवाखान्यातील उपचारांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व रुग्णाच्या भोवतालच्या समाजाने द्यावयाच्या साहाय्यास आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचाच विचार केला आहे.

काटकसर व छंद यांपासून ही विकृती वेगळी ओळखली पाहिजे. नाणी, तिकिटे वा जुनी भांडी जमविणारा संग्राहक आपला संग्रह लावून ठेवतो, तो इतरांस हौसेने दाखवितो आणि त्याची निवड विशिष्ट प्रकारच्या वस्तूंपुरती मर्यादित असते. तसेच जुन्या वळणाच्या मराठी घरात माळ्यावर पितळी हंडे, रिकाम्या बरण्या, सुतळीचे गुंडे व लग्नपत्रिकांचे गठ्ठे आढळले, तर तेवढ्यावरून घरातील वडीलधाऱ्यांस विकृत ठरविणे अन्यायाचे होईल. अडगळ माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत असते तोवर ती अडगळच होय. ती चुलीवर, अंथरुणावर आणि दारात येऊन बसली व तिच्यामुळे माणसाचे जिणे आक्रसले, म्हणजे विकाराचा विचार करावा लागतो. स्मृतिभ्रंश, छिन्नमानस, मेंदूची इजा किंवा तीव्र अवसाद यांमुळेही घरात पसारा साचू शकतो. मूळ कारण यांपैकी असेल, तर संचयविकृतीचे निदान करीत नाहीत.

इतिहास : मानसशास्त्रात या प्रवृत्तीची दखल पूर्वीपासून घेतली गेली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ मध्ये व्यवस्थितपणा, कृपणता व हट्टीपणा यांचे त्रिकूट वर्णिले, तर एरिक फ्रॉम यांनी १९४७ मध्ये ‘संचयी वृत्ती’ हा व्यक्तिमत्त्वाचा एक प्रकार मानला. ही विवेचने मात्र स्वभावाविषयीची होती. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानसंहितेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतही निरुपयोगी वस्तू टाकता न येणे हे एका व्यक्तिमत्त्वविकाराचे केवळ एक लक्षण म्हणून नोंदविलेले होते. मॅसॅचूसेट्स राज्यातील स्मिथ कॉलेजमधील रँडी फ्रॉस्ट व त्यांची विद्यार्थिनी रेचेल ग्रोस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून या विषयाचे पद्धतशीर संशोधन सुरू झाले असे मानतात. फ्रॉस्ट व टॅमरा हार्टल यांनी १९९६ मध्ये विकाराची बोधात्मक-वर्तनात्मक उपपत्ती मांडली, आणि पुढे बॉस्टन विद्यापीठाच्या समाजकार्य विभागातील गेल स्टेकेटी यांच्या सहकार्याने तिच्या आधारे उपचारपद्धती विकसित झाली. मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ती यांचे हे सहकार्य पुढील वाटचालीच्या दृष्टीने सूचक आहे. २०१३ साली उपर्युक्त निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत संचयविकृतीस स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही, जी २०१९ मध्ये संमत होऊन २०२२ पासून अंमलात आली, तिला स्वतंत्र स्थान आहे. दोन्ही वर्गीकरणांत ती कल्पना-क्रिया अनिवार्यतेच्या विकाराच्या (बोलीत ज्यास मंत्रचळ म्हणतात) गटात येते. परंतु संचयविकृतीच्या रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींतच तो विकारही आढळतो. अवसाद किंवा चिंताविकार यांची जोड मात्र सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत असते.

कारणमीमांसा : निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून प्रौढ लोकसंख्येत या विकाराचे प्रमाण शेकडा दीड ते सहा यांच्या दरम्यान येते, अनेक पाहण्यांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात ते शेकडा अडीच निघाले. लक्षणे बहुधा वयाच्या अकराव्या ते पंधराव्या वर्षी प्रथम दिसतात, तिशीच्या मध्यास ती जीवनात ठळक अडथळा आणू लागतात आणि वयाबरोबर वाढत जातात. आईबापांचे दटावणे, लहान जागा किंवा जोडीदाराचा विरोध यांमुळे तारुण्यात पसारा आटोक्यात राहतो. एकटेपणा आला, की तो झपाट्याने वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असावा असे दिसते.

फ्रॉस्ट व हार्टल यांच्या उपपत्तीनुसार या विकारात चार गोष्टी एकत्र येतात : माहितीचे वर्गीकरण व निर्णय करण्यातील अडचण, वस्तूंशी जडलेली भावनिक जवळीक, वस्तूंविषयीच्या विशिष्ट समजुती आणि मनस्ताप टाळण्यासाठी निर्णयच पुढे ढकलणे. जुने वर्तमानपत्र हातात घेतलेल्या रुग्णास त्यातील प्रत्येक मजकूर पुढेमागे कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे वाटते. तो टाकणे म्हणजे त्या संधीचा, कधी त्या दिवसाच्या आठवणीचाही, नाश करणे होय अशी त्याची भावना असते. डेव्हिड टोलिन व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात असे आढळले, की दुसऱ्याच्या मालकीचे कागद टाकण्याविषयी निर्णय घेताना रुग्णांच्या मेंदूतील विशिष्ट भागांची क्रियाशीलता इतरांहून कमी, तर स्वतःच्या कागदांविषयी निर्णय घेताना ती इतरांहून पुष्कळच अधिक होती. आळस, अस्वच्छतेची आवड किंवा हट्ट ही विकाराची प्रचलित स्पष्टीकरणे त्यामुळे टिकत नाहीत. रुग्णांपैकी अनेकांचा ‘वस्तू वाया जाऊ नये’ हा आग्रह सद्‌गुणाचाच अतिरेक असतो, ही गोष्ट त्यांच्याशी बोलताना विसरून चालत नाही.

सार्वजनिक परिणाम : न्यूयॉर्कमधील हार्लेम भागात राहणारे होमर व लँग्ली कॉलिअर या दोन भावांची कहाणी या संदर्भात नेहमी सांगितली जाते. २१ मार्च १९४७ रोजी पोलिसांनी त्यांच्या घरात महत्प्रयासाने प्रवेश केला, तेव्हा आंधळा व पंगू झालेला होमर मृतावस्थेत सापडला. लँग्लीचा शोध शहरभर व शहराबाहेरही चालू असता ८ एप्रिल रोजी त्याचे शव होमरपासून अवघ्या तीन मीटरांच्या आसपास, कोसळलेल्या ढिगाखाली मिळाले. भावासाठी अन्न घेऊन जाताना, चोरांसाठी त्यानेच रचून ठेवलेल्या सापळ्यात तो गाडला गेला होता. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. त्यात चौदा पियानो होते. शेजाऱ्यांना, वृत्तपत्रांना व कर्ज देणाऱ्या बँकेस हे भाऊ वर्षानुवर्षे ठाऊक होते. ते चेष्टेचा, कुतूहलाचा व वसुलीचा विषय झाले, साहाय्याचा झाले नाहीत. अमेरिकेतील अग्निशामक जवान अशा घरास अद्यापि ‘कॉलिअरांचा वाडा’ म्हणतात.

आगीचा धोका हा सर्वांत गंभीर होय. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे दहा वर्षांतील निवासी आगींचे २००९ मध्ये विश्लेषण झाले. त्यात संचयग्रस्त घरांतील आगी एकूण आगींच्या शेकडा ०.२५ इतक्याच होत्या. परंतु टाळता येण्याजोग्या आगींतील मृत्यूंपैकी शेकडा २४ मृत्यू त्या आगींत झाले. ज्वालाग्राही वस्तूंचा साठा, बुजलेल्या वाटा व उघडता न येणारी दारे यांमुळे रहिवासी बाहेर पडू शकत नाही आणि जवान आत जाऊ शकत नाहीत. याखेरीज ढीग कोसळणे, पडून हाड मोडणे, उंदीर-घुशी व झुरळे यांचा उपद्रव, इमारतीवर पडणारा भार हे धोके शेजाऱ्यांसही पोहोचतात. सॅन फ्रॅन्सिस्को शहरातील एका कृतिदलाने २००९ च्या आपल्या अहवालात घरमालक व सेवासंस्था यांच्यावर या विकारापायी पडणारा खर्च दर वर्षी ६४ लाख डॉलरांच्या घरात असल्याचा अंदाज केला.

सक्तीची सफाई : तक्रार आली, की स्थानिक सत्तेने नोटीस काढावी, मुदत संपताच गाड्या व मजूर पाठवून घर रिकामे करावे, हा सर्वत्र रूढ असलेला मार्ग. तो जितका सोपा दिसतो तितकाच निष्फळ आहे. फ्रॉस्ट, स्टेकेटी व विल्यम्स यांनी मॅसॅचूसेट्समधील आरोग्याधिकाऱ्यांची पाहणी करून २००० मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्यात एका लहान गावाचे उदाहरण आहे. तेथील आरोग्य खात्याने आपल्या निधीचा बहुतांश भाग, १६,००० डॉलर, एकच घर साफ करण्यात खर्च केला. दीड वर्षाने तेच घर पुन्हा पूर्ववत भरलेले होते. याचे कारण उघड आहे. सफाईने वस्तू हलतात; वस्तू जमविण्याची प्रेरणा, निर्णयातील अडचण व एकटेपणा जागच्या जागीच राहतात. उलट, आपल्या डोळ्यांदेखत परक्यांनी आपले सर्वस्व फेकून दिले, हा अनुभव रुग्णास चोरी वा अत्याचार यांसारखा वाटतो. तो अधिकच सावध होतो, दार उघडेनासा होतो आणि पुढील साहाय्यकर्त्यास ती किंमत मोजावी लागते. मुलांनी आईवडिलांच्या अनुपस्थितीत ‘त्यांच्या भल्यासाठी’ घर उपसून टाकल्यावर अबोला कायमचा झाल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतात. जीवितास तात्काळ धोका असेल तेव्हा सक्ती अटळ ठरते, हे मान्य केले पाहिजे. पण तेव्हाही कोणती जागा कोणत्या कारणासाठी मोकळी करावयाची हे रुग्णास आधी सांगणे, तो हजर असताना काम करणे व नंतर भेटी चालू ठेवणे शक्य असते.

समन्वय गट : एकाच घराशी आरोग्यनिरीक्षक, अग्निशामक दल, घरमालक, वृद्धसेवा, बालसंरक्षण, प्राणिकल्याण व मनोरुग्णसेवा अशा अनेक यंत्रणांचा संबंध येतो आणि प्रत्येकीस त्या घराचा एकच तुकडा दिसतो. एकीने मुदत वाढविली असता दुसरीने घर सोडण्याची नोटीस द्यावी, असे प्रकार घडतात. यावर उपाय म्हणून व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स परगण्यात १९८९ मध्ये या सर्वांचा एक संयुक्त गट स्थापन झाला; अमेरिकेतील अशा प्रकारचा तो पहिला गट समजला जातो. पुढे अनेक अमेरिकन व कॅनेडियन शहरांत तसे गट निघाले. कॅनडातील व्हँकूव्हर येथे अग्निशामक निरीक्षक व आरोग्यसेवेतील कर्मचारी यांचे संयुक्त पथक घरी जाते. एकाच्या हाती कायदा व दुसऱ्याच्या हाती साहाय्य अशी ही जोडी असते. सर्वांची भाषा एक व्हावी म्हणून फ्रॉस्ट व सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली छायाचित्रमापनी फार उपयोगी पडते. तीत स्वयंपाकघर, बैठकीची खोली व झोपण्याची खोली यांची प्रत्येकी नऊ चित्रे चढत्या पसाऱ्याने मांडलेली असून घराशी जुळणारे चित्र निवडावयाचे असते. ‘फार’ व ‘थोडा’ या शब्दांवरील वाद त्यामुळे मिटतो, आणि रुग्णालाही आपली प्रगती अंकांत पाहता येते.

हानिन्यूनीकरण : साहाय्याचे उद्दिष्ट ‘स्वच्छ घर’ हे न ठेवता ‘सुरक्षित घर’ हे ठेवणे, हा या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा दृष्टिपालट होय. घर नीटनेटके करणे रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे असते व ते कोणाच्या हक्काचेही नसते. परंतु शेगडीभोवती कागद नसावेत, दारापासून बिछान्यापर्यंत वाट मोकळी असावी, ढीग छातीच्या वर जाऊ नयेत, विजेच्या तारा दबलेल्या नसाव्यात, औषधे हाताशी सापडावीत, एवढ्यांवर बहुधा सहमती होऊ शकते. ही उद्दिष्टे लिहून काढतात, ती कोणी कधी पाहावयाची हे ठरवितात आणि ठराविक काळाने भेटी देतात. वस्तूंची संख्या घटली नाही तरी जीवितहानीचा संभव घटतो. या पद्धतीवर ‘ही तडजोड आहे’ असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. तथापि पूर्ण सुधारणेचा हट्ट धरून घराबाहेर घालवून देण्यापेक्षा ही तडजोड पुष्कळच बरी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घरभेटी : प्रत्यक्ष कार्याचे काही संकेत अनुभवाने ठरले आहेत. पहिल्या एकदोन भेटींत वस्तूंविषयी बोलूच नये. गुडघेदुखी, पाण्याची गळती, नातवंडे यांविषयी बोलावे. रुग्ण आपल्या सामानास जो शब्द वापरतो तोच वापरावा. ‘कचरा’ हा शब्द उच्चारताच भेट संपते. परवानगीवाचून कशासही हात लावू नये, कारण पराव्याचा स्पर्श झालेली वस्तू काही रुग्णांस बाटल्यासारखी वाटते. प्रत्येक वस्तूविषयीचा निर्णय रुग्णानेच घ्यावा. साहाय्यकाचे काम प्रश्न विचारण्याचे : हिची दुसरी प्रत आहे का, गेल्या वर्षात ती लागली का, ती ज्याच्या उपयोगी पडेल असा कोणी आहे का? एका बैठकीत एखादे टेबल किंवा एक पेटी एवढेच काम होते. त्याहून अधिक झाले, तर समाधान मानण्याऐवजी सावध व्हावे. दबून दिलेला होकार रात्री कचरापेटीतून परत आणला जातो. घराबाहेर न नेलेले, ‘द्यावयाचे’ म्हणून बाजूला ठेवलेले गाठोडे आठवड्याभरात ढिगात मिसळते, म्हणून निघतानाच ते बरोबर नेणे श्रेयस्कर. नव्या वस्तूंची आवक रोखण्याचा सरावही तितकाच आवश्यक असून त्यासाठी साहाय्यक रुग्णाबरोबर बाजारात जातो व काही न घेता परत येण्याचा अनुभव त्यास देतो.

समदुःखी गट : बोधात्मक वर्तनोपचारांनी लक्षणे कमी होतात, पण उपचारानंतरही निम्म्याहून अधिक रुग्ण विकाराच्या कक्षेतच राहतात, औषधोपचारांचा आधार अद्याप तोकडा आहे. तज्ञांची संख्या व खर्च यांचीही मर्यादा आहे. या परिस्थितीत टोलिन, फ्रॉस्ट व स्टेकेटी यांच्या २००७ मधील स्वमदत-पुस्तकाच्या आधारे चालणारे गट पुढे आले. सुमारे पंधरा बैठकींचा हा कार्यक्रम चालविणाऱ्यास व्यावसायिक पदवी लागत नाही. अनेक ठिकाणी तो स्वतः या विकारातून गेलेली व्यक्तीच चालविते. बैठकीत प्रकरण वाचून चर्चा होते, घरून पिशवीभर वस्तू आणून सर्वांसमोर त्यांची निवड होते, आणि पुढील आठवड्याचे काम ठरते. सॅन फ्रॅन्सिस्को येथे ३२३ व्यक्तींवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत समदुःखी व्यक्तींनी चालविलेल्या गटांचे फल मानसशास्त्रज्ञांनी चालविलेल्या उपचारगटांहून कमी प्रतीचे ठरले नाही. या यशाचे एक कारण लज्जानिवारण हे असावे. वर्षानुवर्षे कोणासही घरी न बोलाविलेल्या माणसास आपल्यासारखीच दारे बंद ठेवणारी दहा माणसे भेटतात, याचा परिणाम मोठा असतो.

कुटुंबीयांस स्वतंत्र आधार द्यावा लागतो. जोडीदार व मुले यांची कुचंबणा दुर्लक्षित राहते. मित्रांना घरी आणता न आलेली, अभ्यासास जागा नसलेली मुले मोठेपणी रोष व अपराधभावना यांत सापडतात. रुग्णाने प्राणी साठविले असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो व पशुवैद्यकीय साहाय्य अपरिहार्य ठरते.

इतर देश : इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टच्या मार्गदर्शक सूचनांत संचयाचा अंतर्भाव ‘स्वतःची हेळसांड’ या सदरात केला असून स्थानिक सत्तांनी अशा व्यक्तींच्या संरक्षणाचा विचार करावा अशी अपेक्षा आहे. जपानमध्ये अशा घरास ‘गोमी याशिकी’ म्हणजे कचऱ्याचा वाडा म्हणतात. टोकिओतील आदाची विभागाने २०१३ मध्ये अंमलात आणलेल्या नियमात सक्तीच्या अधिकाराबरोबरच रहिवाशास साहाय्य देण्याचीही तरतूद आहे. सिंगापूरमध्ये, जेथे बहुसंख्य लोक सरकारी गृहसंकुलांत राहतात, निरनिराळ्या शासकीय संस्थांचा समन्वय गट २०१४ पासून हे काम पाहू लागला.

भारत : भारतात या विकारासाठी वेगळा कायदा नाही, तथापि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) प्रत्येक मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क देतो व घरपोच पुनर्वसनसेवांची जबाबदारी शासनावर टाकतो. संचयविकृती आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत समाविष्ट असल्याने ही तरतूद तिच्या रुग्णांसही आधारभूत ठरू शकते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशी तक्रार प्रथम येते ती गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाकडे, आणि तीही सामान जिन्यात व सामाईक वाटेत आल्यावर. जिने मोकळे ठेवण्याचा आग्रह संस्थेने धरणे योग्यच आहे. पण नोटिशीबरोबर एखाद्या समजूतदार सभासदाने दार ठोठावले, तर पुष्कळ प्रकरणे नोटिशीच्या पुढे जाणार नाहीत. आपल्याकडील दोन गोष्टी अनुकूल आहेत. मद्यपी व्यक्तींचे आणि छिन्नमानसाच्या रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट येथे रुजलेले आहेत व त्यांची घडण या विकारासही लागू पडण्यासारखी आहे. दुसरे असे, की रद्दीवाला, भंगारवाला आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यांच्यामुळे येथे वस्तू सहसा ‘फेकली’ जात नाही, ती कोणाच्या तरी उपयोगी जाते. वस्तू वाया जाईल या भीतीने ग्रासलेल्या माणसास ती रद्दीवाल्याच्या तराजूत घालणे कचरापेटीत टाकण्यापेक्षा सोपे जाते. साहाय्यकाने ओळखीचा एक रद्दीवाला जोडून ठेवावा हे त्यामुळेच उचित होय. मार्गदर्शनासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालील रुग्णालयातील विभाग, तसेच १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनिसेवा (क्रमांक १४४१६) उपलब्ध असून तीवर रुग्णाप्रमाणेच त्याच्या नातेवाइकांस व शेजाऱ्यांसही सल्ला मागता येतो.